चूक खलनायकाची की कथेची? सुपरहिरोंच्या जगातील सुष्ट-दुष्टांविषयी

सरळरेषा (मूळ प्रश्न)

सुट्टीत माझी चौदा वर्षांची भाची आमच्याकडे राहायला आली होती. एका संध्याकाळी आम्ही दोघांनी ‘ब्लॅक पँथर’ हा २०१८ सालचा चित्रपट पाहिला. शेवटची नामावली पडद्यावरून सरकत असतानाच तिने विचारले की मामा, किलमाँगर वागला वाईट हे खरे, पण तो जे म्हणत होता त्यात चूक काय होते? वाकांडासारख्या (चित्रपटातल्या काल्पनिक आफ्रिकी) संपन्न देशाने शतकानुशतके स्वतःला लपवून ठेवावे आणि जगभरच्या कृष्णवर्णीयांवर गुलामगिरीपासून जे जे कोसळले ते दुरून पाहत बसावे, हे किलमाँगरला, म्हणजे चित्रपटातल्या खलनायकाला, सहन होत नाही. तिला पटेल असे उत्तर मला देता आले नाही, आणि खरे म्हणजे मला स्वतःला पटेल असेही सुचले नाही.

माझे बालपण मराठी इंद्रजाल कॉमिक्सवर गेले. वेताळाच्या (म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या) अंगठीतल्या कवटीचा ठसा ज्याच्या हनुवटीवर उमटे तो दुष्ट, हे इतके उघड असे की ठसा उमटण्याच्या कितीतरी आधी, बहुधा तिसऱ्या-चौथ्या पानावरच, आम्ही त्या माणसाला त्याच्या डोळ्यांवरून ओळखत असू. त्या खलनायकांपैकी एकाचेही म्हणणे काय होते ते मला आज आठवत नाही, कारण म्हणणे असे त्यांना नसेच; त्यांना खजिना हवा असे. आजच्या खलनायकाला मात्र भूतकाळ असतो, तक्रार असते, कधी कधी नायकापेक्षा सरस युक्तिवादही असतो, आणि नायक अर्धा चित्रपट स्वतःविषयीच्याच शंकेत काढतो.

माझा प्रश्न असा आहे की सरळ काळ्या-पांढऱ्या कथांकडून या करड्या कथांकडे जाण्याचा बदल अमेरिकी सुपरहिरोंच्या बाबतीत कधी झाला आणि कशामुळे झाला? की पूर्वीच्या कथा तितक्या सरळ होत्या, हा माझ्या आठवणीचाच खेळ आहे?

जुनी_रद्दी

आपण शेवटी घेतलेली शंका रास्त आहे. काळे-पांढरे आधी आणि करडे नंतर असा क्रम आपण सगळेच धरून चालतो, पण अगदी सुरुवातीचे अंक उघडून पाहिले की तो क्रम टिकत नाही.

सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या जून १९३८ अशी तारीख असलेल्या पहिल्या अंकात. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे त्याचे निर्माते क्लीव्हलँडचे, स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, विशीतले तरुण होते, आणि अमेरिका तेव्हा महामंदीतून पुरती सावरलेली नव्हती. त्या पहिल्या तेरा पानांत कोणी वेडा शास्त्रज्ञ नाही आणि परग्रहावरून आलेले सैन्यही नाही. एका निरपराध स्त्रीचा मृत्युदंड टळावा म्हणून सुपरमॅन रात्री राज्यपालाच्या घरात घुसून त्याच्या खोलीचे पोलादी दार उखडतो. बायकोला मारहाण करणाऱ्या एका नवऱ्याला तो भिंतीवर आपटतो. आणि शेवटी वॉशिंग्टनला जाऊन, देशाला युद्धात ओढू पाहणाऱ्या एका सिनेटरशी संधान बांधलेल्या दलालाला उचलून घेऊन टेलिफोनच्या तारांवरून धावतो. दुसऱ्या अंकात तो शस्त्रास्त्रांच्या एका कारखानदाराला, ज्या युद्धावर त्याचा धंदा चालला आहे त्याच युद्धात साधा शिपाई म्हणून भरती व्हायला लावतो.

तिसरा अंक मला सगळ्यांत आवडतो. एका खाणीत अपघात होऊन एक मजूर कायमचा जायबंदी होतो, आणि मालक दोष त्याच्याच निष्काळजीपणावर ढकलून मोकळा होतो. मालकाच्या घरी मेजवानी रंगलेली असताना, मजुराच्या वेषातला सुपरमॅन पाहुण्यांच्या हाती सापडतो. मौज म्हणून ती सगळी मंडळी उंची कपड्यांनिशी खाणीत उतरतात, आणि सुपरमॅन आतले आधार पाडून वाट बंद करतो. मालक धोक्याची घंटा वाजवायला जातो तर ती गंजून निकामी झालेली असते. मग त्याच मंडळींना कुदळी-फावडी हाती घ्यावी लागतात. त्यानंतर जानेवारी १९३९ च्या आठव्या अंकात सुपरमॅन शहरातली एक गलिच्छ वस्ती स्वतःच्या हातांनी जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला तिथे नवी घरे बांधावीच लागतील. त्याला थोपवायला सैन्य येते, विमानांतून बाँब पडतात आणि त्या बाँबनी पाडकामाला हातभारच लागतो.

यातला एकही खलनायक कायद्याच्या नजरेत मोठा गुन्हेगार नव्हता, आणि नायक मात्र पोलिसांना हवा असलेला माणूस होता. खाणमालकाला डांबून ठेवणारा आणि वस्त्या पाडणारा असा कोणी आज पडद्यावर आला तर त्याला खलनायकाचीच भूमिका मिळेल, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

मग आपल्याला आठवतो तो सरळपणा आला कुठून? त्याची दोन कारणे मला दिसतात आणि दोन्ही धंद्याची आहेत. पहिले कारण मासिकाचे. १९४० च्या वसंत ऋतूत निघालेल्या ‘बॅटमॅन’च्या पहिल्या अंकातच जोकर मरणार होता, शेवटी तो स्वतःच्याच सुऱ्याने घायाळ होऊन पडतो. असा खलनायक हातचा घालवू नये म्हणून संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी ऐनवेळी एक चौकट वाढवायला लावली आणि जोकर जगला. त्याच अंकात बॅटमॅन विमानातून मशीनगन चालवताना दिसतो, आणि त्यानंतर लवकरच त्याने माणूस मारायचा नाही असे संपादकांनी ठरवून टाकले. नायकाने मारायचे नाही आणि खलनायक पुढच्या महिन्यात हजर हवा, अशी व्यवस्था एकदा लागली की दुष्टपणाला कारण उरत नाही, तो स्वभाव होतो.

दुसरे कारण १९५४ ची संहिता. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी त्या वर्षी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असा आरोप करणारे पुस्तक लिहिले, सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये सुनावण्या घेतल्या, आणि सरकारी कायदा येण्याआधीच प्रकाशकांनी ऑक्टोबरमध्ये स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. (वर्थम यांनी आपल्या पुराव्यात बरीच फिरवाफिरव केली होती, हे कॅरोल टिली यांनी त्यांची कागदपत्रे तपासून २०१२ मध्ये दाखवून दिले, पण तोवर अठ्ठावन्न वर्षे उलटली होती.) प्रत्येक कथेत चांगल्याचा वाइटावर विजय झालाच पाहिजे, गुन्हेगाराविषयी सहानुभूती वाटता कामा नये, पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे काही दाखवायचे नाही, अशी ती कलमे होती. मुखपृष्ठावर संहितेचा शिक्का नसेल तर वितरक गठ्ठा उचलत नसत. खाणमालकाची गोष्ट या नियमांखाली कशी छापली असती ते आपणच पाहा.

अर्धविराम

माहिती उत्तम आहे, परंतु दोन वेगळ्या गोष्टी इथे एकत्र होत आहेत असे मला वाटते. दुष्ट कोणाला म्हणायचे हा एक प्रश्न, आणि आपण सुष्ट आहोत याची नायकाला खात्री आहे का हा दुसरा. १९३८ चा सुपरमॅन खाणमालकाला दुष्ट ठरवतो हे मान्य. पण तो ते एका क्षणात ठरवतो, कोणाला विचारत नाही, आणि आपले चुकले असेल असे त्याच्या मनातही येत नाही. मूळ प्रश्नकर्त्यांना वेताळाच्या कथांत जो सरळपणा दिसला तो मला तिथेही दिसतो. फक्त ठसा उमटवण्यासाठी निवडलेली हनुवटी वेगळी आहे. करडेपणा म्हणजे श्रीमंत खलनायक नव्हे.

जुनी_रद्दी

आक्षेप मान्य आहे, आणि तो आधीच ध्यानात घ्यायला हवा होता. नायकाच्या मनातली शंका ही नंतरचीच गोष्ट आहे. ऑगस्ट १९६२ मध्ये स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचा स्पायडरमॅन आला. त्याच्या पहिल्याच कथेत तो समोरून पळणाऱ्या चोराला, माझे काय जाते, म्हणून जाऊ देतो आणि तोच चोर पुढे त्याच्या काकांचा जीव घेतो. इथे संहितेचे एकही कलम मोडलेले नाही, कारण चोर पकडला जातो. पण अपराधी चोर एकटा उरत नाही. अधिकाऱ्यांकडे बोट दाखवायला बंदी होती, स्वतःकडे दाखवायला नव्हती. त्या काळातला करडेपणा बराचसा याच फटीतून आत आला असावा, असा माझा तर्क आहे.

हिमनग

दुष्ट कोणाला म्हणायचे हा प्रश्न कॅप्टन अमेरिकाइतका दुसऱ्या कोणत्याही नायकाला नडलेला नाही, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावताना दिसतो. अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी तो डिसेंबर १९४० मध्येच विक्रीला आला होता, म्हणजे पर्ल हार्बरच्या एक वर्ष आधी, अमेरिका युद्धात नसताना. आज ते मुखपृष्ठ सर्वमान्य देशभक्तीचे वाटते. त्या वेळी, युद्धात पडू नये असे म्हणणारा मोठा वर्ग देशात असताना, दोन ज्यू तरुणांनी घेतलेली ती उघड राजकीय भूमिका होती. दुष्टाचे नाव इतके स्पष्ट घेणे हेच तेव्हा वादग्रस्त होते, ही गोष्ट ‘काळ्या-पांढऱ्या कथा’ म्हणताना आपण विसरतो.

युद्ध संपले, खप घसरला आणि मासिक बंद पडले. १९५४ मध्ये त्याला पुन्हा बाहेर काढले, ते कम्युनिस्टांना चिरडणारा वीर म्हणून. तीन अंकांत तो प्रयोग संपला. मग मार्च १९६४ च्या ‘ॲव्हेंजर्स’च्या चौथ्या अंकात तो बर्फात गोठलेला सापडतो आणि सांगण्यात येते की १९४५ पासून तो बर्फातच होता. इथे एक तांत्रिक अडचण उभी राहिली: तो बर्फात होता, तर १९५४ मध्ये कम्युनिस्टांना बडवत होता तो कोण?

या अडचणीचे उत्तर लेखक स्टीव्ह एंगलहार्ट यांनी १९७२ मध्ये, ‘कॅप्टन अमेरिका’च्या १५३ ते १५६ या अंकांत दिले. तो दुसराच माणूस होता. मूळ नायकाच्या भक्तीने पछाडलेला, शक्तीचे रसायन योग्य प्रक्रियेविना टोचून घेतलेला, आणि त्या रसायनामुळे डोके फिरून जिथे तिथे कम्युनिस्ट दिसू लागलेला. सरकारनेच त्याला अखेर बेशुद्ध करून ठेवून दिले होते. आता तो जागा होतो आणि खऱ्या कॅप्टन अमेरिकावर चालून जातो. म्हणजे अठरा वर्षांपूर्वी मुलांना नायक म्हणून विकलेली तीच कृत्ये, एक अक्षर न बदलता, खलनायकाची कृत्ये ठरली. सुष्ट-दुष्टांच्या कल्पना बदलल्याचा याहून थेट दस्तऐवज मला माहीत नाही, आणि तो एक विसंगती बुजवण्याच्या खटपटीतून निघाला, याची मला अजून गंमत वाटते.

दोन वर्षांनी तेच लेखक आणखी पुढे गेले. १९७४ च्या १७५ व्या अंकात देश ताब्यात घेऊ पाहणाऱ्या गुप्त टोळीच्या म्होरक्याचा पाठलाग करत कॅप्टन अमेरिका थेट व्हाइट हाउसमध्ये पोहोचतो. मुखवटा उतरतो, चेहरा वाचकाला दाखवलेला नाही, आणि तो माणूस स्वतःवर गोळी झाडून घेतो. वॉटरगेटच्या त्या दिवसांत हा कोण हे वाचकांना सांगावे लागले नाही. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राजीनामा दिला. कथेतला नायक त्यानंतर आपली ढाल आणि पोशाखच काही काळ टाकून देतो. वर ज्या संहितेचा उल्लेख आला आहे, ती १९७१ मध्ये सैल केली गेली होती आणि सरकारी अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार दाखवायला, दोषींना शिक्षा होते या अटीवर, मुभा मिळाली होती. ती सैल झाली नसती तर ही कथा शिक्क्यासह निघाली नसती. प्रकाशकांपैकी मार्व्हलने २००१ मध्ये आणि डीसीने २०११ मध्ये तो शिक्काच सोडून दिला, पण तोवर त्यात फारसा जीव राहिलेला नव्हता.

मधली_सुट्टी

मूळ प्रश्न किलमाँगरचा होता, तिकडे वळतो.

तक्रार असलेल्या खलनायकाचा पूर्वज मी मॅग्नेटोला मानतो. ‘एक्स-मेन’च्या १९६३ च्या पहिल्या अंकात तो एक क्षेपणास्त्रतळ काबीज करतो, आणि पुढच्या वर्षी त्याने उभारलेल्या संघटनेच्या नावातच ‘दुष्ट’ हा शब्द आहे. आपल्या फलकावर स्वतःच ‘दुष्ट’ लिहून घेणारी संघटना मी अन्यत्र पाहिलेली नाही. त्याच मॅग्नेटोला १९८१ च्या १५० व्या अंकात ख्रिस क्लेअरमाँट यांनी ऑशविट्झचा भूतकाळ दिला. एका वंशाला संपवण्याची यंत्रणा ज्याने आतून पाहिली आहे, तो आपल्या, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती लाभलेल्या ‘म्युटंट’ जमातीच्या बाबतीत माणसांवर विश्वास ठेवायला तयार नाही. कृत्ये जवळपास तीच राहिली, पण ती वाचणारा वाचक बदलला.

आजचे चित्रपट हाच साचा वापरतात, मात्र एक सोय करून. स्पायडरमॅनच्या २०१७ च्या चित्रपटातला टूम्स हा ढिगारे उपसण्याचे कंत्राट घेणारा माणूस आहे. गाड्या विकत घेऊन बसल्यावर सरकार आणि अब्जाधीश स्टार्क यांची संयुक्त संस्था त्याचे काम काढून घेते. २०२१ च्या ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’ या मालिकेतली कार्ली विस्थापितांसाठी अन्न आणि औषधे पळवते. दोघांचे ऐकताना मान हलू लागते, आणि नेमक्या त्या वेळी कार्ली आत माणसे बांधलेली असताना इमारत उडवून देते. किलमाँगर प्रेयसीला गोळी घालतो, वृद्ध पुजारिणीचा गळा धरतो. युक्तिवादाचे उत्तर द्यावे लागू नये म्हणून युक्तिवाद करणाऱ्याच्या हातून खून करवून घ्यायचा, ही ती सोय. आपल्या भाचीने ‘वागला वाईट’ आणि ‘म्हणत होता’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तिथेच तिने हा डाव ओळखला आहे.

‘ब्लॅक पँथर’ला एक श्रेय मात्र द्यायला हवे. त्याचा नायक, वाकांडाचा राजा टचाला, आपल्या पूर्वजांना तोंडावर सांगतो की तुम्ही चुकलात, आणि शेवटी ओकलंडमध्ये, किलमाँगर जिथे वाढला तिथेच, इमारती विकत घेऊन मदतकेंद्र उघडतो. प्रतिस्पर्ध्याचे म्हणणे मान्य करणारा नायक या चित्रपटांत विरळा. तरीही १९३९ च्या सुपरमॅनने वस्ती पाडून सरकारला घरे बांधायला लावली होती आणि इथे राजा स्वतःच्या खजिन्यातून केंद्र उघडतो, हा फरक मला खटकतो. अन्यायाविषयीचा प्रश्न पूर्वी नायक घेऊन येत असे. आता तो खलनायकाकडे सोपवला आहे आणि नायकाकडे आहे ते राखण्याचे काम उरले आहे.

ओवी

दुष्टाचे पुढे काय करायचे, हा तिसरा प्रश्न राहून गेला. १९४१ मध्ये आलेल्या वंडर वुमनचे जनक विल्यम मोल्टन मार्स्टन हे मानसशास्त्रज्ञ होते, आणि त्यांच्या कथांत पकडलेल्या खलनायिकांना सुधारण्यासाठी एक स्वतंत्र बेटच आहे. नाझींची हेर असलेली बॅरोनेस पॉला फॉन गुंथर हिची लहान मुलगी नाझींच्या ताब्यात होती असे पुढे कळते. मुलीची सुटका झाल्यावर ती बदलते आणि नायिकेची सहकारी होते. हे ऐन युद्धात, १९४३ मध्ये छापले गेले. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ असे मागणाऱ्या भाषेतल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, पण त्या काळच्या युद्धकथांत ते दुर्मीळच होते. मार्स्टन १९४७ मध्ये वारले आणि ते बेटही हळूहळू मागे पडले. सगळा बदल साध्याकडून गुंतागुंतीकडेच झाला असे म्हणताना ही उलटी वाटचालही मोजावी.

पेपरवाला

वेताळाविषयी एक छोटी भर घालतो. ली फॉक यांच्या १९३६ पासूनच्या मूळ मालिकेत वेताळाचे पिढीजात शत्रू असलेल्या समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’ आहे आणि देशाचे नाव ‘बंगाला’. आपल्याकडे इंद्रजालमध्ये ते चाचे ‘सिंगा’ झाले आणि देश ‘डेंकाली’. गोष्ट भारतात यायची तर दुष्टांचे आडनाव बदलावे लागले. मूळ प्रश्नकर्त्यांना जे इतके सरळ वाटले, त्यावरून आधीच कोणाचा तरी हात फिरलेला होता.

सरळरेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सिंगांचे सिंगा झाले होते हे मला या वयात कळावे, याचा थोडा धक्का बसला आहे.

‘ॲक्शन कॉमिक्स’चा तिसरा अंक पुनर्मुद्रित संग्रहात मिळाला, तो मी भाचीला वाचायला दिला. तिला तो आवडला, विशेषतः ती गंजलेली घंटा. शेवटी मालक घाबरून कबूल करतो की यापुढे माझी खाण देशातली सर्वांत सुरक्षित खाण असेल, आणि गोष्ट तिथे संपते. त्यावर तिने विचारले की नंतर ती खाण तपासायला कोणी गेले का? मी लगेच चौथा अंक उघडून पाहिला. त्यात सुपरमॅन एका कॉलेजच्या फुटबॉल संघातून सामना खेळतो आहे.